शेवटच्या मॅचला वुब्बेनं काय केलं

मी वुब्बेला तोंडावर विकाऊ म्हणालो तेव्हा कॅन्टीनमध्ये साठेक माणसं होती, आणि त्यातल्या एकानंही मला ‘गप बस’ म्हटलं नाही. यावरून काय ते समजा.

मे महिन्यातला गुरुवार होता. प्रॅक्टिस संपवून, अंघोळ करून, ओल्या केसांनी आत आलो तर खुर्च्या ओळीनं मांडलेल्या. मीटिंग. आमच्या हाउकेडाइक गावात कशावरही मीटिंग होते. मैदानाचं कुंपण हिरवं रंगवायचं की करडं, यावर दोन झाल्या होत्या आणि कुंपण अजून गंजतंय. दारात प्रत्येकाला एक कप कॉफी, एक बिस्कीट. दुसऱ्या बिस्किटाला हात घातला की डिर्क्ये नुसती बघते. डिर्क्ये ओट्येस आमच्या फुटबॉल क्लबची अध्यक्ष. चाळीस वर्षं सुईण होती, निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलं. मी पण. त्यामुळे तिच्यासमोर फार टेचात बोलायची सोय नाही.

विषय एकच होता: रविवारी वुब्बेचं काय करायचं?

वुब्बे हाइकेन्स आमचा ट्रेनर. चौसष्ट वर्षांचा, उंच, गुडघ्यातून जरा वाकलेला. पावसात पण टोपी घालत नाही. आमच्याकडे ट्रेनरचं पुढच्या वर्षीचं काय ते थंडीतच सांगून टाकतात. डिसेंबरात कमिटी त्याला कॉफीला बोलावते, ‘छान केलंत, पण पुढच्या वर्षी आम्हाला दुसरा हवाय’ म्हणते. ट्रेनर ‘बरं’ म्हणतो आणि जूनपर्यंत मुकाट काम करतो. मधल्या दिवसांत तो दुसरा क्लब बघतो. सगळीकडे असंच चालतं, त्यात कुणाला काही वाटत नाही. वुब्बेला डिसेंबरात सांगितलं, जानेवारीत त्यानं नोर्डरकोग क्लबशी सही केली. नोर्डरकोग म्हणजे कालव्यापलीकडचं गाव, सायकलवर बारा मिनिटं. त्यांच्या अध्यक्षाशी हात मिळवतानाचा त्याचा फोटो पेपरात आला. आम्ही तो कपडे बदलायच्या खोलीत चिकटवला आणि वुब्बेला शिंगं काढली. तो बघून हसला. म्हणाला, “शेपटी राहिली.” तेव्हा हसण्यासारखंच होतं, कारण आम्ही सहाव्या नंबरावर होतो आणि ते पाचव्या.

मार्चपासून आमची वाट लागली. त्यांचीही लागली. शेवटच्या आठवड्यात हिशोब असा: खालचे दोन क्लब तिसऱ्या वर्गातून चौथ्या वर्गात, म्हणजे खालच्या लीगमध्ये जाणार. एक तर गेलाच होता. दुसरा आम्ही नाहीतर नोर्डरकोग. आमचे चोवीस पॉइंट, त्यांचे सव्वीस. आणि शेवटची मॅच आमच्या मैदानावर, आमची आणि त्यांचीच. आम्ही जिंकलो तर ते खाली. बरोबरी झाली तरी ते सुटले आणि आम्ही गेलो. म्हणजे वुब्बेनं आम्हाला जिंकवलं तर पुढच्या वर्षी तो स्वतःच चौथ्या वर्गात शिट्टी वाजवत फिरणार.

वेळापत्रक ऑगस्टपासून बारच्या शेजारी भिंतीवर लावलेलं होतं. डिसेंबरात, जानेवारीत एकानं मान वर करून बघितलं असतं तरी पुरे होतं. कुणीच बघितलं नाही.

“मी फक्त एवढंच म्हणतो,” म्हातारा तेउनिस उठून म्हणाला. तो आमचा लाइनवरचा झेंडेवाला. “मी फक्त एवढंच म्हणतो की यानं हे आधी एकदा केलंय.”

ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणीतरी म्हणायचं राहिलं होतं.

वुब्बे मूळचा वर उत्तरेतला, ग्रोनिंगेनकडचा. बाप पुठ्ठ्याच्या कारखान्यात होता. वुब्बे बारा वर्षं दुसऱ्या डिव्हिजनमध्ये मधला बचाव खेळला, गुडघा गेला, तेहतिसाव्या वर्षी ट्रेनर झाला. एक्केचाळिसाव्या वर्षी त्यानं उत्तरेतला एक गरीब क्लब पहिल्या डिव्हिजनमध्ये आठव्या नंबरावर नेला आणि कपच्या सेमीफायनलमध्ये पण. टीव्हीवर यायचा. तेउनिसकडे तेव्हाचं एक मासिक अजून आहे, मुखपृष्ठावर वुब्बे, केस काळे. त्याच थंडीत दक्षिणेतल्या एका मोठ्या क्लबनं त्याला पुढच्या वर्षासाठी घेतलं. आणि शेवटच्या दिवशी मॅच त्याच मोठ्या क्लबशी आली. त्यांना युरोपच्या स्पर्धेत खेळायला एक पॉइंट हवा होता. वुब्बेनं आपले सहा मोठे खेळाडू घरी ठेवले आणि ज्युनियर टीममधली सहा पोरं उतरवली. पाच-शून्य हरले. पेपरवाल्यांनी विचारलं तर म्हणाला, “माझे लोक दमले होते.” त्यापुढे तेवीस वर्षांत एक शब्द नाही.

त्या मोठ्या क्लबात चौदा महिने टिकला. मग सायप्रस, मग ओमान, मग पुन्हा दुसरी डिव्हिजन, मग हौशी क्लब, दर वेळी एक पायरी खाली. शेवटी आम्ही. आमच्याकडे तो यायला तयार झाला तेव्हा गाव खूश झालं होतं, टीव्हीवरचा माणूस मिळाला म्हणून.

“वुब्बे, तुला काही बोलायचंय?” डिर्क्येनं विचारलं.

तो खिडकीपाशी बसला होता. “काय बोलू? टीम मी शनिवारी सांगतो, नेहमीसारखी.”

“आणि त्यात सहा ज्युनियर असतील का?” मागून कुणीतरी. हशा झाला, पण वाईट हशा.

तो काहीच बोलला नाही, आणि तेच माझ्या डोक्यात गेलं. माणसाला राग यायला पाहिजे ना. मी सतरा वर्षांचा, टीममधला सगळ्यात लहान, पण गोल सगळ्यात जास्त माझे, अकरा. मला वाटलं, हा बसून आमची मजा बघतोय. मी उठून ओरडलो, “उत्तर द्या ना! तुम्ही विकाऊ आहात की नाही तेवढं सांगा!”

वुब्बेनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. डॉक्टर गाठ दाबून बघतो ना, तसं.

मग आमच्याकडे होतं ते झालं. प्रत्येक जण बोलला. एकानं त्याला रविवारी सुट्टी द्या म्हटलं, एकानं हा माणसाचा अपमान आहे म्हटलं, एकानं कॉफी मागच्यापेक्षा पातळ आहे म्हटलं. दीड तासानं डिर्क्येनं तोडगा काढला. ट्रेनर लाइनवर उभा राहील, कारण तो ट्रेनर आहे. पण टीम आणि बदली दोन्ही तीन खेळाडू ठरवतील. कॅप्टन ओलाफ, गोलकीपर, आणि “हा ओरडणारा” म्हणजे मी. “म्हणजे कुणी कुणावर संशय घ्यायला नको,” ती म्हणाली. “तुझ्याही भल्याचं आहे, वुब्बे.”

हात वर झाले. एक्कावन्न विरुद्ध सात.

वुब्बेनं खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यावर टीम लिहिलेली होती, मला लांबूनही नावं दिसली. त्यानं तो डिर्क्येनं मागायच्या आत तिच्यापुढे धरला. इतक्या पटकन दिला की मला आश्चर्य वाटलं. तिनं न उघडता फाडला. सगळ्यांसमोर न्याय करायचा म्हणून.

शुक्रवारी मी कोबीच्या शेडमध्ये. मी शाळा सोडून वर्ष झालं. शाळेत न येणाऱ्या पोरांमागे लागणाऱ्या बाईची पत्रं आईच्या टेबलावर पडलीयत. शेडमधलं काम म्हणजे थंड गोदामातून गड्डे काढायचे, वरची सडकी पानं सोलायची, पेटीत टाकायचे. शेड सीम लानची. सीम चौतीस वर्षांचा, फाटकाएवढा रुंद, आमच्या टीमचा मधला बचाव. म्हणजे माझा मालक आणि माझा सोबती.

आम्ही तिघांनी गुरुवारीच टीम ठरवली होती. सीम त्यात नव्हता.

“मला बाहेर बसवलंस म्हणे,” तो गड्डा सोलत म्हणाला.

“आम्ही तिघांनी.”

“बाकीचे दोघं म्हणतात युरेनं, म्हणजे तू.”

“तू हळू आहेस, सीम. जिंकायचंय तर पळणारे पाहिजेत.”

“हळू आहे,” त्यानं मान डोलावली. “आजी पण म्हणायची. वुब्बेनं मात्र चव्वेचाळीस मॅच खेळवलंय मला. त्याला दिसलं नसेल, बिचारा म्हातारा.”

“त्याला बरोबर दिसलं असेल! हळू माणूस ठेवला की हरायला सोपं.”

सीमनं सुरी खाली ठेवली. मला वाटलं कानाखाली देतो. पण म्हणाला, “मग डिसेंबरच्या आधीपासूनच हरायची तयारी करत होता म्हण की. लय लांबचं बघतो.” आणि पुढचा गड्डा उचलला. “सोल. शुक्रवार आहे, गाडी चारला येते.”

बघायला गेलं तर माझं म्हणणं तिथंच पडलं होतं. पण मला मान्य करायचं नव्हतं. गाडी येईपर्यंत नुसते गड्डे सोलत राहिलो.

शनिवारी दुपारी मी वुब्बेकडे गेलो. भांडायलाच गेलो होतो, खरं सांगतो. तो बांधाखालच्या कॅम्पिंगवर राहायचा, लाकडी खोलीत, बायको कधीच सोडून गेलेली. दारात बसून चाकूनं सुकं सॉसेज कापत होता.

“टीम आणलीस?” त्यानं विचारलं.

“तुम्हाला दाखवायची नाही. ठरलंय तसं.”

“बरोबर. नको दाखवू.” त्यानं सॉसेजचा तुकडा चाकूच्या टोकावर पुढे केला. मी घेतला. “त्यांचा उजव्या बाजूला कोण असतो? तुझ्यासमोर?”

“प्रोंक सर.” प्रोंक सर आमच्या शाळेत गणिताला होते, नोर्डरकोगचे. शाळा सोडायच्या दिवशी मी त्यांच्या टेबलावर पुस्तकं आपटून आलो होतो. “बेचाळीस वर्षांचा म्हातारा. खाऊन टाकतो त्याला.”

वुब्बेचा चाकू थांबला. त्याला काहीतरी बोलायचं होतं. मग तो पुन्हा कापायला लागला.

“काय? बोला की!”

“माझं काम नाही ते. मीटिंगनं काढून घेतलंय.”

“तुम्ही दिलंत! कागद काढून हातात दिलात. एक शब्द भांडला नाहीत. मी असतो तर टेबल उलटं केलं असतं.”

“हो, तू केलं असतंस.” बांधावरून कुणीतरी सायकलनं गेलं, हात केला, यानंही केला. मग म्हणाला, “ती जुनी मॅच तुला माहितीये ना? सगळ्यांनाच माहितीये. सहा जण. त्यातले तिघं खरोखर दुखावलेले होते. राहिलेले तिघं शुक्रवारी माझ्याकडे आले, ‘ट्रेनर, आमचं सगळं संपलंय, वर नाही खाली नाही, आम्हाला सोडा.’ मी हो म्हणालो.”

“मग ते पेपरवाल्यांना का नाही सांगितलंत?”

“कारण मी फार पटकन हो म्हणालो, युरे. दुसऱ्या कुठल्या आठवड्यात त्यांना हाकलून दिलं असतं. त्या दिवशी ‘जा’ म्हणालो आणि मला हलकं वाटलं. मला हरायचं होतं का? तेवीस वर्षं झाली, मला माहीत नाही. खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं काय ते सापडलं नाही. म्हणून गप्प.” त्यानं चाकू पुसला. “परवा डिर्क्येच्या हातात कागद दिला तेव्हा पण तसंच हलकं वाटलं. माझ्यावर काही राहिलं नाही. जे होईल ते तुमचं.”

मला एवढा राग आला की पाया पडून रडावं की लाथ मारावी ते कळेना. विकाऊ माणूस परवडला, त्याच्यावर थुंकता येतं.

“म्हणजे पळालात,” मी म्हणालो.

“हो.”

“उद्या पण पळणार?”

“उद्या मी लाइनवर उभा राहणार. तेवढंच करायचं ठरलंय.”

मी सायकल उचलून निघालो. त्यानं मागून हाक मारली नाही.

रविवारी अख्खी दोन गावं आली होती. आमची बाजू कॅन्टीनकडे, त्यांची गटाराकडे. वारा कालव्यावरून आडवा. दोन्ही क्लबांचे झेंडेवाले आपापल्या क्लबाचेच, तेउनिसचा झेंडा त्यांचा पोरगा नुसता पुढे झुकला तरी वर, आणि त्यांच्यावाल्याचा आमच्यासाठी तसाच. रेफरी दोघांकडेही बघत नव्हता. हे नेहमीचंच.

वुब्बे लाइनवर, हात मागे, केस उडतायत. त्यांच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, “वुब्बे, पुढच्या रविवारी इकडे या, कॉफी घट्ट आहे!” आमच्या बाजूनं, “आजच जा की!”

विसाव्या मिनिटाला त्यांचा गोल. सीम जिथे उभा राहिला असता तिथून हेडरनं. आम्ही ठेवलेला पळणारा पोरगा पळत पळत दुसरीकडेच होता. पस्तिसाव्याला ओलाफनं फ्री-किकवर फेडला. एक-एक.

आणि मी? मी प्रोंक सरांशी खेळत होतो. मॅच नव्हतो खेळत. पहिल्या मिनिटाला सर शेजारी येऊन उभे राहिले, धापा टाकत, आणि म्हणाले, “काय रे युरे, शाळेत दिसत नाहीस, म्हटलं इथे तरी भेटशील.” मी बॉल घेऊन त्यांच्यावर गेलो, ते एक पाऊल मागे, एक पाऊल आत, आणि बॉल त्यांच्या पायात. “उत्तर चुकलं,” ते म्हणाले. दुसऱ्यांदा पण तसंच. तिसऱ्यांदा पण. म्हातारा पळतच नव्हता, त्याला पळायची गरजच नव्हती, कारण मी दर वेळी त्याच्याच अंगावर जात होतो. मधे ओलाफ मोकळा, हात वर करून बोंबलतोय, मला ऐकू येतंय, पण मला सरांनाच हरवायचंय. हाफटाइमला ओलाफ म्हणाला, “पास दे की हरामखोरा,” मी म्हणालो, “पुढच्या वेळी जातोय त्याच्या पलीकडे.” बदली ठरवणारे आम्ही तिघं. मला कोण काढणार?

वुब्बे हाफटाइमला कोपऱ्यात उभा होता. संत्र्याच्या फोडींची ताटली त्यानंच फिरवली. माझ्यापुढे धरली तेव्हा तोंड उघडलं आणि परत मिटलं.

सत्तराव्या मिनिटाला सरांनी पुन्हा बॉल काढला आणि जाता जाता माझ्या डोक्यावर हात फिरवला, लहान पोराच्या फिरवतात तसा. मी मागून जाऊन त्यांचे पाय काढले. पिवळं कार्ड. आणखी एक आणि आम्ही दहा जण.

रेफरी वहीत लिहीत होता, तेव्हा लाइनवरून आवाज आला. इतका मोठा की मला आधी कळलंच नाही कुणाचा.

“युरे! बाहेर! सीम, अंगातला कोट काढ, तू आत!”

मग आमची बाजू पेटली. “बघा! बघा! काढला! पळणाराच काढला!” तेउनिसनं झेंडा जमिनीवर आपटला. डिर्क्ये कठड्यापाशी येऊन म्हणाली, “वुब्बे, असं ठरलं नव्हतं.”

“नव्हतं,” तो म्हणाला. “आता मी ठरवतोय. मीटिंगच्या वहीत लिहून ठेव, माझ्या नावानं लिही.”

ओलाफ माझ्याकडे बघायला लागला. कीपर लांबून बघायला लागला. मी कमरेवर हात ठेवून उभा. “मी जात नाही,” मी ओरडलो. “तुम्हाला बरोबरी हवीय! तुम्हाला तेच हवंय!”

मग तो मैदानात आला. तीन-चार पावलं, रेफरी शिट्टी वाजवतोय, त्याला पर्वा नाही. माझ्या शर्टाची बाही धरली आणि हळू आवाजात म्हणाला, “बरोबरी आत्ता झालेलीच आहे, गाढवा. मी गप्प उभा राहिलो तर माझं भलं आहे. कळतंय का तुला? नुसतं गप्प उभं राहायचंय मला. बाहेर ये.”

हे मला ऐकू आलं, लांबून कुणाला येणार? आणि मला एकदम सगळं दिसलं. तो शनिवारपासून हे बोलायचं टाळत होता. सत्तर मिनिटं टाळलं. आणि आता बोलला तेव्हा त्याला ठाऊक होतं लोक काय म्हणणार. तेवीस वर्षांपूर्वी म्हणाले तेच.

मी बाहेर गेलो. शर्ट काढून फेकला, बाटलीला लाथ मारली, ते वेगळं. पण गेलो.

सीमला त्यानं मागे नाही, पार पुढे उभा केला, त्यांच्या गोलसमोर, फाटकासारखा. “तिथे उभा राहा आणि पडू नको,” एवढंच सांगितलं. आणि मग लाइनवर इकडून तिकडे पळत सुटला, त्या गुडघ्यांवर, हातवारे करत, ओलाफला आत, डावीकडच्याला वर. असा मी त्याला दोन वर्षांत कधी बघितला नव्हता. टीव्हीवर असाच असेल.

वीस मिनिटं बॉल त्यांच्याच भागात होता. उंच बॉल, सीमच्या छातीवर, खाली, ओलाफ. कीपरनं वाचवला. परत. गोललाइनवरून प्रोंक सरांनी काढला. एकोणनव्वदाव्या मिनिटाला कॉर्नर. सीम उडाला, म्हणजे त्याचे पाय जमिनीवरून दोन इंच सुटले, आणि हेडर थेट वरच्या आडव्या दांड्यावर. तो आवाज मला अजून ऐकू येतो. बॉल खाली आला, रेषेवर, आणि त्यांच्या कुणीतरी गटारात मारला.

शिट्टी. एक-एक. आम्ही चौथ्या वर्गात.

त्यांची पोरं धावत वुब्बेकडे आली, त्याला मिठ्या मारायला. त्यानं एकेकाचा हात हातात घेतला आणि खाली सोडला. मिठी एकाचीही नाही घेतली. मग आमच्याकडे वळला, तर आमच्यातले निम्मे पाठ करून चालायला लागले होते.

कॅन्टीनमध्ये निरोपाचा गुच्छ होता. ट्यूलिप संपलेले, म्हणून पिओनीची फुलं. तो तर द्यावाच लागतो, आधीच ऑर्डर दिलेला असतो. डिर्क्येनं दिला, म्हणाली, “दोन वर्षांबद्दल आभार.” टाळ्या सीमच्या, ओलाफच्या, आणि कुणा दोघांच्या.

“आता बोल ना रे!” तेउनिस मला म्हणाला. तळलेलं क्रोकेट खात होता, मोहरीची चटणी हनुवटीला. “गुरुवारी बरोबर बोलला होतास. अकरा गोलवाला काढतो आणि तो हत्ती घालतो! सांग सगळ्यांना, काय वाटलं तुला?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. गुरुवारसारखेच. त्यांना तेच ऐकायचं होतं आणि ते म्हणायला किती सोपं होतं!

“मी घाण खेळत होतो,” मी म्हणालो.

“अरे पण…”

“घाण खेळत होतो! एक पास दिला नाही. सत्तर मिनिटं मास्तराशी भांडत होतो. आणि त्या हत्तीचा हेडर दांड्याला लागला, तुम्ही बघितलात का खाली मान घालून क्रोकेट खात होतात? मला हाफटाइमलाच काढायला पाहिजे होतं.” मग माझं टाळकं परत सरकलं, वुब्बेकडे वळलो. “का नाही काढलंत हाफटाइमला? पंचवीस मिनिटं जास्त मिळाली असती! सीमनं एक तरी घातला असता!”

वुब्बे गुच्छ बगलेत धरून उभा होता. “घातला असता,” तो म्हणाला. “हाफटाइमला मी घाबरलो. ते चुकलं माझं.” मग गुच्छ दुसऱ्या बगलेत घेत म्हणाला, “पण मला जिंकायचं होतं. हे मात्र मला पक्कं माहितीये.”

त्यातलं शेवटचं तो मला म्हणत नव्हता. कुणालाच नव्हता. लोकांना ते कळलंही नाही, तेउनिस म्हणाला, “हो हो, सगळ्यांनाच जिंकायचं असतं,” आणि बारकडे गेला.

आता ऑगस्ट आला. आम्ही चौथ्या वर्गात, नवा ट्रेनर तिशीतला, आम्हाला दोरीच्या शिड्यांमधून उड्या मारायला लावतो. वुब्बे नोर्डरकोगला. संध्याकाळी वारा इकडचा असला की त्याची शिट्टी ऐकू येते. गाव अजून तेच म्हणतं. मागच्या शनिवारी बेकरीत रांगेत होतो, तर पाव देता देता बेकर म्हणतो, “असो, म्हाताऱ्यानं दुसऱ्यांदा साधलं.” माझ्या मागे सहा माणसं होती. मी पिशवी काउंटरवर ठेवली आणि म्हटलं, थांब, सांगतो. पहिल्या मिनिटापासून सुरू केलं. प्रोंक सरांपासून. मागून कुणीतरी कण्हलं, “युरे, पाव गार होतोय,” मी म्हटलं होऊ दे, अजून हाफटाइम पण आला नाहीये.